बिनकटकटीचं जनावर

खुब्याचं हाड मोडलं आणि आबांच्या शेळ्या विकाव्या लागल्या. तेलगावहून आत, आडबाजूच्या आमच्या गावात माझा बाप जन्मभर शेळ्यांमागं फिरला. आई गेली तेव्हाही चार दिवसांत कळप घेऊन माळावर गेलेला माणूस, शेळ्या गेल्यावर बोलायचाच थांबला. फोनवर नुसतं 'हं'. जेवलात का, हं. गोळी घेतली का, हं. उद्या मी मरते म्हटलं असतं तरी हंच आलं असतं.

मी त्यांची एकुलती लेक. बीडला कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. घरी दोन खोल्यांत सासू, सासरे, नवरा, पोरं. आबांना एकदा आणलं होतं, तर दिवसभर जिन्यावर बसून राहिले. "कोंडवाडा हाय ह्यो, बाई," म्हणाले आणि परत गेले. सासूबाईंनी ते ऐकलं, पुढचं सांगायला नको. म्हणून ठरवलं, त्यांच्याजवळ काहीतरी जिवंत पाहिजे, पण ज्याच्यामागं चालावं लागणार नाही असं.

कुत्रं नको, पायात आलं तर दुसरा खुबा जाईल. मांजर चार घरी जेवतं आणि पाचव्या घरी झोपतं. मासे बघून आले, पण त्यांच्या पाण्यात हवा सोडणारी मोटर लाईटवर चालते आणि गावात लाईट कधी येईल ते कुणी सांगावं. ससा गावच्या कुत्र्यांच्या एका घासाला पुरला नसता. पोपट पाळणं गुन्हा, आणि मी रोज कोर्टाच्या दारात बसणारी बाई. राहिली लव्हबर्डं. "रोज मूठभर राळे, वाटीभर पाणी, कसलीच कटकट नाही ताई," दुकानदार म्हणाला. बिनकटकटीचं जनावर असतं यावर मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

एक हिरवं, एक पिवळं. पिंजरा मांडीवर घेऊन एसटीनं गेले. आबांनी आत बोट घातलं, पिवळ्यानं टोचलं.

"चावरं हाय," ते म्हणाले. मग राळ्याची पुडी हुंगून बघितली. "राळं खातेत व्हय? आमीबी लई खाल्लंय."

त्यानंतर फोनवर बोलणं सुरू झालं. हिरवं खादाड हाय. पिवळं आज गप हाय, पोट बिघडलं का काय. मी टेबलावर येणाऱ्या पक्षकारांनासुद्धा सल्ला देऊ लागले, घरी म्हातारं एकटं असेल तर पाखरं घ्या. इतकी शेफारले होते मी.

शुक्रवारी शेजारच्या चुलतीचा फोन आला. "तुझ्या बापानं पाखरं सोडली, बाई."

मी आबांना फोन लावला. ते अगदी शांत होते.

"चरायला सोडलीत. दिसभर कोंडून जनावर बरं ऱ्हातं का? येतेल दिस मावळायला."

"आबा, ती शेळ्या न्हाईत."

"कोंबड्या येतेत का न्हाई? दाना हितं हाय, पानी हितं हाय. जातेत कुठं?"

सकाळी सोडलेलं जनावर संध्याकाळी दारात येतं, हे त्यांनी जन्मभर रोज बघितलं होतं. त्या माणसाला मी काय समजावणार? फोन ठेवला आणि पक्षकारासमोरच रडले.

रविवारी गेले तर घराचं दार सताड उघडं. अंथरुणावर धूळ बसलेली, कुत्र्यानं पिठाचा डबा पाडलेला. आबा उंबऱ्यावर घोंगडीवर बसलेले, पुढ्यात उघडा पिंजरा. चुलतीनं दिलेली भाकरी ताटात वाळून कडक झाली होती. आमच्यात सगळी जनावरं आत आल्याशिवाय दार लावत नाहीत आणि धनी जेवायला बसत नाही. चुकलेल्या एका करडासाठी आबा उजाडेपर्यंत उपाशी राहिलेले मी लहानपणी पाहिलेत. ते लांडग्यानं मारलेलं सापडलं, तेव्हाच हात धुऊन जेवायला बसले. मेलेल्याची वाट बघायची नसते.

"खावा की दोन घास."

"आली न्हाईत आजून."

ओठ फुटले होते. उपाशीपोटी गोळ्याही घेतल्या नव्हत्या. मी विनवलं, मग ओरडले, मग त्यांचे पाय धरले. ते माझ्या डोक्यावरून आभाळाकडं बघत राहिले. हा माणूस असाच बसल्याजागी मरणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी उठले, घरामागं गेले, बाभळीखाली उगीच जरा वेळ उभी राहिले आणि परत आले.

"आबा, मागं पडलीत. मांजरानं धरलेली दिसतेत."

"दोनीबी?"

"दोनीबी."

त्यांनी पिंजऱ्याकडं पाहिलं. बघायला चल म्हणाले नाहीत, त्या पायानं मागं जाणं होणारही नव्हतं. मग म्हणाले, "हातावर पानी घाल."

मी ताजी भाकरी थापली, दुधात कुस्करून दिली. ते निमूट जेवले. समोर बसून मी बघत होते आणि मला जराही बरं वाटत नव्हतं. शेळ्यांनंतर त्यांना कुणाची तरी वाट बघायला मिळाली होती. वेडी असेना का, वाट होती, आणि ती मी एका खोट्या वाक्यात मोडली होती.

"दुसरी जोडी आणते," मी म्हणाले.

"नगं."

"मंग दुसरं काई?"

"कशापायी? नगं, बाई."

ऊन अजून अंगणात होतं. ते धरत धरत बाजेपर्यंत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

"दार लाव," म्हणाले.

"आबा, मी आजून हितंच हाय. गाडीला टाईम हाय."

"मंग जाताना भायेरनं वढून घे," ते म्हणाले. "आता कोनी यायचं ऱ्हायलं न्हाई."