ग्यानबाचा तिसरा सेल

कोहिनूर गावचा ग्यानबा वायरमन होता, पण बोलायचा असा की वीज त्याला विचारूनच गावात येते. त्याचा नियम एकच: व्होल्टेज दुप्पट झालं की करंटही दुप्पट. शेगडीच्या कॉइलवर त्यानं तो कधीतरी मोजून पाहिला होता आणि मग सगळ्या जगाला लागू करून टाकला होता.

पोरीचा, स्नेहाचा, साखरपुडा ठरला. दाराच्या कमानीला स्वतःच्या हातची रोषणाई हवी म्हणून त्यानं बसवकल्याणहून पिशवीभर बारके पांढरे एलईडी आणले. एकाला सेल जोडला. उजेड न्हाई. दुसरा घेतला, तोही ठार.

"दोन सेल लावून बघा की," बायको शोभाबाई भाकरी थापत म्हणाली.

"एका सेलवर करंट शून्य. शून्याची दुप्पट किती गं?"

"शून्यच."

"मग सेल कामून वाया घालवायलीस?"

तो दुकानदाराला फोनवर झापायला अंगणात गेला. शोभाबाईनं पिठाच्या हातानंच दोन सेल एकामागं एक जोडले. एलईडी लखकन पेटला. ग्यानबानं वळून पाहिलं आणि गुपचूप फोन बंद केला.

"व्हय, आता समजलं! दोनावर एवढा, तर तिनावर दीडपट," म्हणत त्यानं तिसरा सेल चढवला. डोळे दिपले, चट्ट आवाज झाला आणि ओसरीभर जळका वास सुटला.

बीदरला पॉलिटेक्निकला असलेली स्नेहा घरीच होती. हसू आवरत तिनं मीटर काढला. व्होल्टेज थोडं थोडं वाढवत, करंट मोजत ती फरशीवर खडूनं आलेख काढू लागली. कॉइलची रेघ तिरपी, सरळसोट गेली. एलईडीची रेघ आधी निपचित पडून राहिली आणि अडीच व्होल्टच्या पुढं अशी उसळली की फरशी संपून भिंतीवर चढली.

"अगं, कालच चुना मारलाय!" शोभाबाई ओरडली.

"म्हंजे माझा नियम खोटा?" ग्यानबाचा चेहरा उतरला.

"न्हाई अप्पा, कॉइलला खराच हाय. एलईडीला लागू न्हाई, एवढंच. ह्याला थोडं व्होल्टेज जादा झालं की करंट लईच वाढतो. म्हणून प्रत्येकाला एकेक रेझिस्टर जोडा, करंट आवरला जाईल."

दोघं बाप-लेक दिवसभर एकेका एलईडीला रेझिस्टर जोडून सोल्डरचे डाग देत बसले.

साखरपुड्याला कमान झगमगली. उदगीरच्या व्याह्यांनी सहज म्हटलं, "दिवे झकास हायत." ग्यानबानं त्यांना हाताला धरून कमानीखाली नेलं आणि एलईडीचा नियम पहिल्यापासून सांगायला घेतला. आत अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटून झाले, तरी व्याही तिथंच मान डोलवत उभे होते.