अण्णांना भरवण्याचे नऊ हजार

जूनमधला दुसरा शनिवार. वादातली रक्कम नऊ हजार रुपये. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, महिन्याच्या बिलात ‘भरवण्याची मदत’ म्हणून ती नव्याने लावली होती. हजर चौघे: मी, देवनहळ्ळीजवळच्या त्या वृद्धनिवासाचे व्यवस्थापक, तिथली मुख्य नर्स आणि डोक्यावरून पदर घेऊन बसलेली माझी आई.

अण्णांची स्मृती गेली आहे. ते फक्त आईच्या हातून जेवतात. एवढ्याच कारणासाठी आम्ही दोघांची एकत्र खोली घेतली होती, एकट्याच्या खोलीच्या दीडपट भाडे देऊन. मग भरवायला वेगळी बाई कशाला, आणि ती ठेवूनही त्यांचे वजन चार किलो का उतरले, हे मला विचारायचे होते.

“आजार वाढलाय, मॅडम,” व्यवस्थापक कन्नडमध्ये म्हणाले. “आता ते तुमच्या आईंच्या हातूनही खात नाहीत. चमचा उडवून देतात.”

“कधीपासून?”

“महिना झाला.”

चार रविवार आई मला सांगत होती की कान दुखतो, म्हणून पदर घेते. मी तिला म्हटले, “आई, खरं काय ते सांग.”

“स्वल्प थांब गं, जरासं,” ती म्हणाली, आणि तिने पदर मागे सारला. कमरेपर्यंत केस होते तिचे. ते पोरासारखे भादरून टाकले होते.

माझ्या तोंडून निघालेले शब्द चांगले नव्हते.

“स्वच्छतेसाठी सगळ्याच बायकांचे कापतो,” नर्स म्हणाली. “इतक्या जणींच्या वेण्या कोण घालणार?”

“माझा अंबाडा माझी मी घालत होते,” आई तिला म्हणाली. “तुमचं कोण आलं होतं घालायला?” मग माझ्याकडे वळून, “त्या दिवसापासून हे मला विचारतात, ‘कोण हो तुम्ही गृहस्थ? आमच्या घरातल्यांना बोलवा, त्यांच्या हातचं खाईन.’”

व्यवस्थापक हसले. ते हसणे मी त्यांना अजून माफ केलेले नाही.

“म्हणजे केस तुम्ही कापले, त्यामुळे त्यांनी जेवण सोडलं, आणि बिल मला,” मी म्हणाले. “उद्या दात पाडाल आणि चावून देण्याचे पैसे लावाल.”

“स्वच्छतेची संमती प्रवेशाच्या वेळी तुम्हीच दिलीत, मॅडम. आणि आवाज जरा खाली.”

“आवाज माझा आहे. हवं तर त्याचंही भाडं लावा.”

जेवणाची वेळ झाली होती. मी म्हटले, चला, नऊ हजारांचे भरवणे दाखवा. जेवणघरात पाठमोरी बाई कोण आणि पुरुष कोण, ते कळत नव्हते. नेमलेली बाई अण्णांच्या ओठांवर चमचा दाबत होती. त्यांनी दात आवळले होते आणि दहीभात हनुवटीवरून खाली ओघळत होता.

आईने तिच्या हातून वाटी घेतली. ती अण्णांच्या खुर्चीच्या मागे, त्यांना दिसणार नाही अशी उभी राहिली आणि खांद्यावरून हात पुढे करून म्हणाली, “घ्या बघू.”

आवाज ऐकून अण्णांनी तोंड उघडले. सगळी वाटी संपवली. मागे न वळता विचारले, “तू जेवलीस का?”

“बघा, खातात की!” व्यवस्थापक म्हणाले. “मिटला प्रश्न.”

“मिटला? केस वाढेपर्यंत तिने नवऱ्याच्या पाठीमागे लपून राहायचं?”

त्याच संध्याकाळी मी दोघांना टॅक्सीत बसवून राजाजीनगरला घरी आणले. सरकारी कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे. तपासणी अजून व्हायची आहे. आई अजून मागे उभी राहूनच भरवते, रात्री आपल्या दुखऱ्या खांद्याला तेल लावते. अण्णांचे दीड किलो वजन भरून आले.

नऊ हजार त्यांनी बिलातून वगळले. पण नोटीस न देता खोली सोडली म्हणून दीड लाखाच्या अनामतीतून एका महिन्याचे बेचाळीस हजार स्वतःकडे ठेवले. उरलेले एक लाख आठ हजार आईच्या खात्यात जमा झाले.