शेवटच्या भागात लागलेली झोप

त्या सिनेमाचा पहिला भाग आला तेव्हा मी वाशीमला नर्सिंग शिकत होते. धाकटी बहीण सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होती. तिला कुठे न्यावं सुचेना, म्हणून थिएटरात नेलं. परदेशी सिनेमा, हिंदीत डब केलेला. एका राजाने नदी चोरून सुरईत भरून ठेवलेली असते आणि दोन बहिणी ती सुरई पळवून डोंगराकडे निघतात, नदी तिच्या उगमाशी परत सोडायला. गोष्ट एवढीच, पण ती काही संपेना. दोन-तीन वर्षांनी एक भाग येई आणि तेवढ्यात त्या दोघी एखादं रान नाही तर एखादं ओसाड शहर पार करत. मधल्या काळात मला नोकरी लागली, बहिणीचं लग्न होऊन ती वाशीमजवळच्या मालेगावला गेली, तिला दोन मुली झाल्या, वडील गेले, आई माझ्याकडे राहायला आली. माझं लग्न एकदा ठरून मोडलं, नंतर ठरलंच नाही. दर भागाला आम्ही दोघी मात्र वाशीमला भेटत होतो. घरच्यांना सांगताना ती म्हणायची, ताईसोबत दवाखान्यात जाते.

सहावा भाग शेवटचा होता. दिवाळीच्या आधी लागला.

तो आठवडा माझ्यासाठी फार वाईट होता. मी मानोऱ्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रावर नर्स आहे. दिवाळी झाली की तांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघतात, बाळांनाही सोबत नेतात, म्हणून त्याआधी सगळ्यांच्या लसी उरकायच्या असतात. सहा दिवस मी लसींचा डबा खांद्याला अडकवून तांडे फिरले. कुठे आई सोयाबीन काढायला गेलेली, कुठे बाळाला ताप, कुठे आजी दारातच आडवी उभी, "मांगच्या वक्ती पोरगं दोन दिवस रडलं." घरी यावं तर आई. तिला आता एकटं ठेवता येत नाही, मी कामावर असते तेव्हा शेजारच्या काकू लक्ष ठेवतात. सकाळी उठून चूल पेटवायला निघते आणि घरात चूल नाही. गॅसजवळ काटक्या रचलेल्या मी दोनदा पाहिल्या.

रविवारीही काकूंनाच आईजवळ बसवून मी निघाले. मानोऱ्याहून मंगरूळपीरपर्यंत जीप, पुढे बस. बहीण स्टँडवरच उभी होती. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"काय व ताई, कशी दिसून राह्यली तू? जेवतं का नाही?"

"जेवतो ना."

"काय जेवतं ते दिसून राह्यलं."

थिएटर दुपारी बाराच्या शोला जवळजवळ भरलं होतं. कॉलेजच्या मुली होत्या, नवरा-बायको होते, पहिला भाग शाळेत असताना पाहिलेले आणि आता मांडीवर मूल घेऊन आलेले बाप होते. दोघी बहिणी पडद्यावर आल्या तशा शिट्ट्या पडल्या. त्या नट्याही आता वयाने मोठ्या दिसत होत्या. मध्यंतरापर्यंत मी नीट पाहिलं. मध्यंतरात बहिणीने डबा उघडला, भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. सहा दिवसांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणी केलेलं खाल्लं. मग पुन्हा अंधार झाला, डोंगर दिसायला लागला, बर्फ पडत होता, आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा दिवे लागलेले होते. माझं डोकं बहिणीच्या खांद्यावर होतं. तिच्या ब्लाउजची बाही माझ्या लाळेने ओली झाली होती. ती समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. लोक उठले होते, पण जाताना जो कालवा असतो तो नव्हता. मागे कुणीतरी म्हणालं, "हा काय शेवट हाय का?"

"उठवलं काहून नाही मले?"

"उठवत होतो. नाही उठली तू."

"काय झालं मंग?"

तिने डबा पिशवीत कोंबला. "चांगला झाला शेवट. पोचल्या दोघीबी. नदी सोडली."

"मंग रडली काहून?"

"चांगला झाला म्हनून."

मला खरं वाटलं. खरं न वाटायला काही कारण नव्हतं. उलट बरंच वाटलं, इतक्या वर्षांचं एक काम कुणीतरी पुरं केलं, आपण झोपलो असलो तरी.

स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. शेजारच्या टेबलावर थिएटरातलीच माणसं होती. तीन कॉलेजच्या मुली, त्यातली एक अजून नाक पुसत होती. त्यांच्या पलीकडे पांढरा शर्ट घातलेला एक गृहस्थ, आणि भिंतीकडे एक वयस्क मुसलमान जोडपं. त्या चाचांचं बांगड्यांचं दुकान असावं, पायाशी बांगड्यांच्या खोक्यांचा गठ्ठा होता.

"इतके वर्ष फिरवलं लोकायले," पांढऱ्या शर्टाचा गृहस्थ कुणाला उद्देशून नाही असं बोलत होता, "अन् शेवटी मोठीले मारून टाकलं. काय मतलब झाला?"

"तिले नव्हतं मारायले पाह्यजे," नाक पुसणारी मुलगी म्हणाली. "धाकटी एकटी काय करन आता?"

चाचांनी बशीतला चहा फुंकला. "बडी को ही जाना था बेटा. बोझ तो सारा वही उठा रही थी."

"आप तो चुप रहो," चाची म्हणाल्या. "छोटी ने एक बार भी नहीं बोला, ला, थोड़ी देर मैं पकड़ती हूँ. मुझे तो उसका गुस्सा आया."

मी बहिणीकडे पाहिलं. ती कपातल्या सायीकडे पाहत होती.

"मेली का ती?"

"हो."

"मंग खोटं काहून सांगितलं?"

तिने बोटाने साय बाजूला काढली. मग म्हणाली, "तू झोपेलच होती. तुह्या तोंडाकडे पाह्यलं मी. मले वाटलं, हिले कायले सांगाव हे."

"कशी मेली?"

"खिंडीजवळ आल्या दोघी. मोठी म्हने, मी जरा बसतो, तू हो पुढं. धाकटी गेली. वापस पाह्यलं त बसल्या जागीच." तिने कप बाजूला सारला. "अन् तवाच तू घोरत होती ताई. मी तुले हलवलं. दोनदा हलवलं. नाही उठली तू. मले वाटलं..."

मुली आमच्याकडे पाहत होत्या, म्हणून मी तिचा हात टेबलाखाली घेतला. मला रडू आलं नाही. त्या मोठीचं वाईटही वाटलं नाही. खरं सांगायचं तर क्षणभर हेवा वाटला, आणि मग त्या हेव्याची भीती वाटली.

मानोऱ्याकडच्या गाडीची वेळ होत आली तेव्हा बहीण म्हणाली, "आईले मी नेतो. दिवाळी झाली का."

"तुह्या घरी कसं जमन? तुही सासू..."

"सासूले मी पाह्यतो."

"पोरींच्या परीक्षा हायेत."

"ताई," ती चिडून म्हणाली, "त्या चाचीनं काय म्हटलं, ऐकलं ना तू? बायकोचं ऐकून चाचाबी गप्प बसले. तूबी बस."

दिवाळीच्या चौथ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली आणि आईला घेऊन गेली. आईला कुठे चाललोय ते कळत नव्हतं, पण जीपमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून खूश होती. मी कपडे दिले, गोळ्यांचे डबे दिले, कोणती कधी द्यायची ते कागदावर लिहून दिलं. त्या दिवशी दुपारी मी पलंगावर पडले आणि झोप आली नाही. शेजारच्या काकूंकडे जाऊन उगाच त्यांच्या वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले.

आई मालेगावला पाच आठवडे राहिली. तिथेही गॅसजवळ काटक्या सापडल्या, बहिणीची सासू घाबरली, शब्दाला शब्द लागला. बहिणीचे फोन सुरुवातीला लांबलचक यायचे, मग लहान होत गेले. शेवटी एका संध्याकाळी तिने नुसतं "ताई" म्हटलं आणि मी म्हणाले, "रविवारी येतो मी."

मी आईला आणायला गेले तेव्हा बहीण दारात उभी होती. डोळ्यांखाली काळं, केस तसेच बांधलेले. मी तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि आईच्या कपड्यांची पिशवी तिच्या हातून घेतली. आम्ही ठरवलं, पाच आठवडे जमत नाहीत तर तीन. उन्हाळ्यात ती पुन्हा नेईल. नेईलच असं नाही, पण तसं ठरलं आहे.

आई जीपमध्ये माझ्या खांद्याला टेकून बसली. तिला खिडकीची जागा मिळाली नव्हती, म्हणून ती रुसली होती.