मार्चचं बोलणं ऐकलेल्या जजबाई

विल्मा एन्टविसलने नवऱ्याच्या शर्यतीच्या कबुतरांना विष घातलं, म्हणून तिला कोर्टात उभं करणार, असा बोभाटा आमच्या कोपऱ्यावरच्या पबात झाला. साफ खोटं. ही बाई घरात शिरलेली माशीसुद्धा पेल्यात धरून अंगणात सोडते. खरी गोष्ट साधी होती: नॉरिसशी घटस्फोट, आणि भांडण घराचं. त्याच घराच्या पुढच्या खोलीत ती तीस वर्षं आमच्या गल्लीचे केस कापते. घर गेलं की धंदाही गेला.

मार्चमध्ये कोर्टात तडजोडीची बैठक झाली. जजबाई डार्बीशर समोर बसलेल्या. विल्माला धीर धरवेना आणि ती आपल्या वकीलबाईंमार्फत म्हणून बसली, "विका घर, निम्मं निम्मं करा, पण संपवा." नॉरिसला निम्म्याहून जास्त हवं होतं. तो नाही म्हणाला. प्रकरण गेलं शेवटच्या सुनावणीवर, आणि विल्माने जो धसका घेतला तो घेतलाच.

"मी घर सोडायला तयार होते हे त्या बाईंना ठाऊक आहे," माझे केस कापता कापता ती म्हणायची. कात्री अशी चालवायची की माझा डावा कान जीव मुठीत धरून बसे.

"अगं, तडजोड ऐकलेला जज निकाल देत नाही. वकीलबाईंनी सांगितलंय ना?"

"सांगितलंय. तुझी बायकोही सांगते तू कामाचा आहेस."

सुनावणीला मीच तिला गाडीतून नेलं. कोर्टाच्या दाराशी सुनावण्यांची यादी लावलेली. विल्माच्या नावापुढे जज: डार्बीशर.

ती भिंतीला टेकली. ओठ पांढरे. माझ्या जिभेवर एक विनोद होता, तो गिळला. पलीकडे नॉरिस टाय सारखा करत गालात हसत होता. वकीलबाई कारकुनाकडे धावल्या. वीस मिनिटं विल्माने माझी बाही सोडली नाही. खांद्याची शिवण उसवली.

वकीलबाई परतल्या. "यादीत चूक होती. डार्बीशरबाईंनी स्वतःच फाईल परत पाठवली. आता दुसरे जज, हॉकसाहेब, ऐकतील. मार्चमधलं त्यांना काही ठाऊक नाही, आणि कुणी सांगायचंही नाही."

संध्याकाळी निकाल लागला. घर विल्माला, नॉरिसला त्याचं पेन्शन आणि बँकेतली शिल्लक.

बाहेर त्याने तिला गाठलं. "निम्म्याला तयार होतीस ना, विल्मा?"

"तेव्हा हो म्हणायचं होतंस, नॉरिस. आता घरी जाते, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय."