उन्हाला झापणारी बाई

सूर्याला हात जोडणारी माणसं मी खूप पाहिली होती, पण त्याला गड्यासारखं झापणारी बाई लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली, आणि ती नेमकी माझी सासू निघाली. दर्याकाठच्या नवापूरच्या घरी पहिल्याच सकाळी मी चहा घेऊन मागच्या दारी गेले, तर आई बोंबलांची पाटी कमरेवर धरून पूर्वेकडे तोंड करून उभ्या. "आलास कय रं? आमी कवाच्या उब्या हाय! आता तरी नीट काम कर." मी इकडेतिकडे गडी शोधू लागले. गडी झाडांमागून हळूहळू वर येत होता.

मुलगा, म्हणजे माझा नवरा दिनेश, तारापूरला कारखान्यात लागला तरी आईंनी मासळी सुकवणं सोडलं नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूंना बांधलेल्या दोरीवर टांगायची. हात चालत, तसं तोंडही चाले. त्यांचा सगळा हिशेब उन्हात. हा बोंबील दोन उन्हांचा, तो तीन उन्हांचा. शेजारचं कुणी आजारातून उठलं की त्याच्याकडे बघून म्हणत, "याला ऊन कमी परलाय. खायला घाला." यंत्रात सुकवलेल्या मासळीला त्या 'बल्बाचा बोंबील' म्हणून नाक मुरडायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, चव तीच असणार हो." तर म्हणे, "तुजी जीब जळगावची, तिला कय कळते?" आणि वर स्वतःच खो खो हसल्या.

मी बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेरी, जळगावला, मासळीची सवय नव्हती; तिचा घास घशाखाली उतरत नसे. आई चिडवायच्या, जबरदस्ती मात्र कधी केली नाही. केली ती एकदाच, लेकीच्या, सईच्या बाळंतपणात.

सई दिवस भरायच्या आधीच आली, एवढीशी मुठीत मावणारी. मला पुरेसं दूध येईना, तिचं वजन वाढेना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "तुम्ही आधी पोटभर जेवा. असंच चाललं तर बाळाला परत दाखल करावं लागेल." पण घास नुसता तोंडात फिरायचा. लेक हातची जाते की काय, या धास्तीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी रडत बसायचे, आणि रडून काही दूध येत नाही.

अशा वेळी आई मुशीचा रस्सा घेऊन आल्या. मुशी म्हणजे लहान शार्क. इकडे बाळंतिणीला हमखास देतात. वासानेच मी तोंड फिरवलं. आईंनी समोर फतकल मारली, सईला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "तू शालेत पोरांना कय शिकवते, ता सांग मना."

मी मुसमुसत सांगितलं. उन्हावर पाण्यात बारीक हिरवळ वाढते, ती इवल्या कोळंबीसारखा जवळा खातो, जवळ्याला बोंबील खातो, बोंबलाला मुशी, मुशीला माणूस.

"आनि मानसाच्या फुडे?"

"पुढे काही नाही. पुस्तकातल्या अन्नसाखळीचा बाण तिथेच संपतो."

"संपते कशी गो? मग ही कय उपाशी मरंल?" त्यांनी सईचा तळवा माझ्या हाताला लावला. "येवड्या जनांनी येकमेकांना देत देत ऊन तुज्या वाटीपर्यंत आनला. आता तू आडवू नको. ऊन फुडे जाव दे."

मी नाक धरून वाटी रिकामी केली. दुसऱ्या दिवशीही. पुढे कधीतरी नाक धरायचं विसरून गेले. दूध वाढलं ते मुशीने, पोटभर जेवल्याने की आईंच्या दमदाटीने, हे विज्ञानाची बाई असूनही मी छातीठोक सांगणार नाही. आईंना विचारलं तर उत्तर ठरलेलं, "उनाने!" पुढच्या तपासणीत सईचं वजन वाढलेलं दिसलं आणि मी दवाखान्यातच आईंच्या गळ्यात पडले. "सोर मना, म्हावऱ्याचा वास लागंल," त्या म्हणाल्या, पण स्वतः काही सोडलं नाही.

सई आता सातवीत आहे. दिवसभर उंडारते आणि उलट बोलते. तिच्यावर ओरडता ओरडता मी मनात आईंचे पाय धरते.

यंदा दिवाळीनंतर आई गेल्या. शेवटी शेवटी जेवण तुटलं होतं. सई भरवायला बसली की तिचाच हात तिच्या तोंडाकडे वळवायच्या, "मना नको, तू खा. ऊन फुडे जाव दे." आणि दिनेशला बजावलं होतं, "माजी राख लांब कुटं नेव नको. हितंच दर्यात सोर. जल्मभर त्याचा खाल्ला, थोडा परत नको द्यायला?"

तसंच केलं. सुतक संपल्यावर घरात पुन्हा मासळी शिजली. शेजारच्या होडीतून आलेला ताजा जवळा होता. दिनेशने घास उचलला आणि हात अर्ध्यावरच थांबला. "आये त्याच पान्यात हाय," तो कसाबसा म्हणाला. आम्हा दोघांनाही रडू फुटलं.

सईने त्याचं मनगट धरलं आणि हात त्याच्या तोंडाकडे वळवला.

"बाबा, आडवू नका. ऊन फुडे जाव दे."

तो जेवला. मग सईने आपलं ताट ओढलं आणि पोटभर जेवली.