बाद केलेले नमुने

तिसगावजवळच्या एका वस्तीवर दोन जावांच्या दोन विहिरी होत्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत होते आणि विहिरींतले डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव मोजायला दर पंधरवड्याला तिथे जात होते. मलमलीची जाळी, बाटल्या, वही. यादीवर खुणा केल्याशिवाय मी एसटीत चढत नसे.

थोरलीच्या विहिरीत टुणटुण उड्या मारणाऱ्या बारीक पाणपिसवा भरपूर. धाकटीच्या विहिरीतही आधी होत्या, पण श्रावणानंतर एकही मिळेना. मला वाटलं, जाळी फाटली. ती दोनदा शिवली. तरी बाटली रिकामीच, तेव्हा त्या ओळीपुढे 'नमुना बाद' लिहून मी मोकळी झाले.

"बाई, माझ्या हिरीचं पानी कसं हाय?" धाकटीनं विचारलं.

"अगदी निवळ. एक किडा नाही."

तिनं ते लगेच बांधापलीकडे ऐकवलं. "आक्का, ऐकलं का? तुमचं किडं तुमालाच लखलाभ."

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणंजाणं थांबलं.

दिवाळीनंतर गेले तर धाकटीची चार वर्षांची मुलगी अंथरुणावर होती. सारख्या उलट्या. बाहेर धाकटीचा नवरा कपाशीवर औषध मारायचा पंप विहिरीच्या काठावरच धूत होता आणि ते पाणी ओघळून आत जात होतं. पाण्यात विष उतरलं की पाणपिसवा सगळ्यांच्या आधी मरतात. हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे.

मी धाकटीला सगळं सांगितलं. हे पाणी आजपासून प्यायचं नाही, म्हटलं.

"मग तवा का न्हाई सांगितलं?"

तिनं घागर उचलली. मी तिच्यामागून थोरलीकडे गेले, चूक माझी आहे म्हणून सांगितलं.

थोरलीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "किडं चालत्यात व्हय आता?" तिनं जावेला विचारलं. मग दोर तिच्यापुढं टाकला. "पोरीपुरतं ने."

मुलगी महिन्याभरात हिंडूफिरू लागली. मी आणखी वर्षभर तिथे जात होते. धाकटी रोज थोरलीच्या विहिरीवरून एकच घागर नेई. दोघी एकमेकींशी बोलताना मला कधी दिसल्या नाहीत, आणि पाणी कसं आहे हे धाकटीनं मला पुन्हा विचारलं नाही.