विषय शेवटच्याने काढायचा

आमच्या मॉडेल मंडळात पहिला आला त्याला टाळ्या मिळायच्या आणि शेवटचा आला त्याला हक्क. पुढच्या वर्षी सगळ्यांनी कशाचं मॉडेल करायचं, तो विषय शेवटच्याने काढायचा. नियम कोणी केला ते आता कोणालाच आठवत नाही. हरलेल्याचं तोंड उतरू नये म्हणून केला असावा. पण झालं असं, की खांब गावाहून येणारे आमचे एक बँकवाले गृहस्थ जवळजवळ दर वर्षी शेवटचे यायचे आणि बाकीचे आम्ही मुकाट त्यांच्या मनासारखी मॉडेलं करायचो. त्यांची बँक केली, त्यांच्या घराजवळचा हायवेवरचा ढाबा केला, एका वर्षी तर त्यांच्या सासऱ्यांची भातगिरणी केली. ती बघायला सगळे टेम्पोतून गेलो होतो. सासऱ्यांनी प्रत्येकाला चहा पाजला आणि पट्टा कसा फिरतो ते प्रत्येकाला वेगळं सांगितलं.

मी रोह्याची. कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले आणि तिथेच निवृत्त झाले. दुसऱ्याने काढलेली रेघ तशीच्या तशी उतरवायची, हे माझं आयुष्यभराचं काम. मंडळात मी एकटीच बाई होते, त्यामुळे सुरुवातीला सगळे मला चहाचं विचारायचे, म्हणजे चहा कोण करणार असं. मी दोनदा डोळे वटारले, तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. आमची खोली नदीपलीकडच्या अष्टमी गावात, हार्डवेअरच्या दुकानावर होती. रविवारी पूल ओलांडून जायचं, पुठ्ठा, आइसक्रीमच्या काड्या, सनमायकाचे तुकडे पसरून बसायचं. माप ठरलेलं, एकास शंभर. खरी वस्तू असेल तिचा शंभरावा भाग. त्या मापात पुरता वाढलेला माणूस अंगठ्याच्या नखाएवढा होतो.

त्या नखाएवढ्या माणसांमुळे मी सतत दुसरी आले.

पहिले यायचे ते पेणचे दादा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मॉडेल पेढ्यांच्या खोक्यात. खोकं उघडायच्या आधी सगळे जमलेत ना, हे बघून घ्यायचे. कौतुक ऐकायला लाजणं त्यांना माहीतच नव्हतं. माझ्या मॉडेलात कौलं मोजून घ्यावीत, खिडकीचा गज न् गज मापात. त्यांच्याकडे भिंत जरा कलायची, पण ओट्यावर कोणीतरी पाय हलवत बसलेलं असायचं आणि ते कोणाची तरी वाट बघतंय हे कळायचं. दादा माझ्या मॉडेलासमोर येऊन टेबलावर हनुवटी टेकवायचे, एक डोळा मिटायचे, सावकाश सगळं बघायचे.

"घर झ्याक झालंय गो ताई. पन कडी बाहेरनं लावलीस काय? घरात कोन नाय दिसत."

मला राग यायचा. खरंच यायचा. परतताना पुलावर मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत चालायचे. एकदा, फक्त एकदा, या माणसाला हरवायचं, एवढं एकच मला त्या मंडळातून हवं होतं. बाकी चहा-भजी, सहली, गप्पा सगळं ठीक होतं, पण मी तिथे जात होते ती त्यासाठी.

मग एका श्रावणात काही कामाने पेणला गेले आणि कारखान्यात डोकावले. गणपतींच्या रांगेपुढे डोळे आखायला त्यांचा पुतण्या बसला होता. दादा मागे पाटांना सरसकट रंग मारत होते. मला बघून त्यांनी हात पंच्याला पुसले आणि चहा मागवला. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडला. "डोळ्यांचं काम पोराकडं दिलं," म्हणाले, "आता आराम." मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की आता माझ्या हातात वेळ थोडा उरला. दोन्ही एकदमच वाटलं. यातलं पहिलं तेवढं लिहिलं असतं तर बरी दिसले असते.

मंडळातल्या लोकांच्याही ते लक्षात आलं होतं. दादा आले नव्हते अशा एका रविवारी विषय निघाला, की एकास शंभर फार बारीक पडतं, प्रदर्शन बघायला येणाऱ्यांना लांबून दिसत नाही, तेव्हा यंदापासून एकास पन्नास करावं. म्हणजे माणूस दुप्पट उंच, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर कापऱ्या हातालाही जागा. लांबून बघणाऱ्यांची काळजी आम्हाला इतक्या वर्षांत कधी पडली नव्हती. खरं कारण कोणी उच्चारलं नाही, पण सगळे खाली बघत होते. मी एकटी विरोधात बोलले. म्हटलं, ज्या मापात ते जिंकतात त्याच मापात मला त्यांना हरवायचंय, अंगण वाढवून नव्हे. सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी गप्प बसले. माप पन्नास झालं.

त्या वर्षी विषय पाण्याची टाकी होता, अर्थात खांबची. दादांची टाकी बरी होती, बस्स. नळावर भांडणाऱ्या त्यांच्या बायका जाड्या आणि ठोकळ्यासारख्या झाल्या होत्या. मतं मोजली तर दादा पहिले. मी दुसरी. टाळ्या जरा जास्तच जोरात वाजल्या.

संध्याकाळी मी त्यांना स्टेशनच्या रिक्षापर्यंत सोडायला निघाले. पुलावर ते रंगात आले. "पन्नास करा, नायतर धा करा गो ताई," म्हणाले, "नंबर काय तुला गावत नाय."

मी थांबले. म्हटलं, "दादा, माप तुमच्या हातासाठी वाढवलंय. नंबरही त्याचसाठी दिलाय."

मला सहजपणे गप्प बसता आलं असतं. पण इतरांनी त्यांना लहान मूल केलं होतं आणि त्यात मला माझी जागा नको होती. मला आजही त्या वाक्याचं वाईट वाटत नाही. दादा कठड्याला धरून उभे राहिले. खाली भरतीचं पाणी वर सरकत होतं. मग म्हणाले, "टाळ्या जास्त झाल्या तवाच मला कळायला पायजे होतं."

पुढच्या बैठकीला ते पहिल्या गाडीने आले. बसायच्या आधीच म्हणाले, "माप शंभर. आन् यंदा विषय मी काढनार, येवडं ध्यानात ठेवा." सगळे हसले. त्या वर्षीचा विषय ठरून गेला होता, पेणचा एसटी स्टँड. विषय मी काढणार म्हणजे मी शेवटचा येणार, हा हिशोब कोणी केला नाही. मी केला. पण मला तो पटेना. ज्या माणसाला पहिल्या नंबराशिवाय जेवण गोड लागत नाही तो शेवटचा कशाला येईल?

स्पर्धा पेणला, एका शाळेच्या वर्गात होती. दादांनी खोकं उघडलं. एसटीचा तांबडा पट्टा लाटेसारखा वरखाली गेला होता. खांबाला टेकलेल्या माणसाला तोंडाच्या जागी नुसता डाग होता. घंटा वाजवायची दोरी कंडक्टरच्याच गळ्यात आली होती. जीव तोडून केलेलं काम होतं ते. मुद्दाम बिघडवलेलं असतं तर मला लगेच ओळखू आलं असतं. त्यांनी जमेल तितकं चांगलं केलं होतं आणि ते एवढंच जमलं होतं. शेजारी बँकवाल्यांचा स्टँड होता. बसची चाकं चौकोनाकडे झुकलेली, पण पट्टा सरळ.

आमच्यात मत म्हणजे प्रत्येकाने पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रम चिठ्ठीवर लिहून द्यायचा. चिठ्ठ्या वाटल्या आणि कुजबुज सुरू झाली. "मधे टाकू या," कोणीतरी म्हणालं, "मधे कोणाला कळत नाही." दादा दाराशी पाठ करून उभे होते. कान त्यांचे चांगले होते. शर्टाची इस्त्री होती तशीच कडक, पण मान खाली गेली होती. तेव्हा मला समजलं, की आज यांचं काय पणाला लागलंय. त्यांना दयेचा मधला नंबर मिळाला, तर या टेबलावर ते पुन्हा कधी स्पर्धक म्हणून उभे राहणार नव्हते. पाहुणे म्हणून उभे राहणार होते.

मी उठले. म्हटलं, "माझं मत मी उघड देते." टेबलापाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून त्यांचं मॉडेल बघितलं. त्यांच्यासारखंच सावकाश. "दादा, पट्टा वाकडा आहे. माणसाला तोंड नाही. दोरीने कंडक्टर फाशी जाईल. छप्पर चांगलं आहे, पण छपरासाठी तुम्ही कधी मला मत दिलं नाहीत. माझ्या क्रमात तुम्ही शेवटचे."

बँकवाले असे बघत होते, जणू त्यांच्या घरातली वस्तू कोणी उचलून नेतंय. दादा वळले. डोळे भरले होते आणि हसत होते. "बराबर बोलली," म्हणाले. "आता बाकीच्यांनी पन खरं लिवा."

सगळ्यांनी खरं लिहिलं. दादा शेवटचे आले. पहिली मी आले असं वाचणाऱ्याला वाटेल, पण नाही. त्या वर्षी पहिला आमच्यातला एक वेल्डर आला, त्याच्या स्टँडमधलं फळवाल्याचं दुकान फारच छान होतं. मी दुसरी.

"विषय बोला, दादा."

"मिठागर."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मिठागरात करायचं काय? सपाट जमीन, बांध, पाणी. उभं असं काहीच नाही. वेल्डर म्हणाला, "दादा, ह्यो तर नुसता पाट झाला." तेव्हा दादांनी सांगितलं, की त्यांची आई खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होती. ते मिठागर आता नाही, बांध फुटून तिथे खारफुटी माजली. "इतकी वर्सं मनात होतं. पन विषय काढायचा तर शेवटचा यावं लागतं, आन् पयला नंबर काय माझ्याच्यानं सोडवंना," असं म्हणून स्वतःच हसले.

"तुम्ही स्वतःच का नाही केलंत?" मी विचारलं.

"मी केलं आसतं तर मला ठाऊक हाय तेवडंच दिसलं आसतं. मला दुसऱ्यानं केलेलं बगायचंय."

त्या वर्षभरात दादा सगळ्यांच्या घरी जाऊन आले. उधाणाचं पाणी कुठून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं फिरवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की पाण्याचा रंग कसा बदलतो, ते सगळं हातवारे करून सांगायचे. बँकवाल्यांनी मॉडेलात खरं मीठ घातलं. पावसाळ्यात सगळ्याचं पाणी झालं आणि पुठ्ठा फुगला. दादांनी त्यांना सांगितलं, की तसंही तुमच्या मापात ते मीठ नव्हतं, खडपं होती. बँकवाल्यांनी चुन्याची पूड वस्त्रगाळ करून पुन्हा सुरुवात केली. मी कधी त्यांना इतकं झटताना बघितलं नव्हतं.

मी वॉर्निशचे थर देत राहिले. एक वाळला की दुसरा, प्रत्येक वाफ्यात वेगळ्या रंगाचा. आणि मी एक बाई केली. माझ्या हातून झालेलं पहिलं माणूस. डोक्यावर टोपली, पदर खोचलेला, बांधावर उभी. बऱ्याच फुकट गेल्या, तेव्हा एक जमली. सगळ्यांचं बघायचं म्हणून दादा यंदा स्पर्धेत नव्हते. टेबलावर सगळी मॉडेलं मांडली तेव्हा इतरांचे चेहरे बघूनच मला कळलं, की यंदा पहिली मी.

मतदानाआधी दादा प्रत्येकापुढे हनुवटी टेकवत माझ्यापाशी आले. वाकले. या वेळी दोन्ही डोळे उघडे होते. फार वेळ बघितलं.

"घरात मानूस आला गो ताई," म्हणाले. "पन आय हितं नव्हती. बांधावर मी बसायचो. आय खाली, पान्यात."

"कुठे?"

त्यांनी बोट पुढे केलं. ते बोट एकाच वेळी तीन वाफ्यांवरून फिरत होतं. बाई पक्की चिकटवलेली होती, आणि वॉर्निश एकदा खरवडलं की गेलं. हे त्यांनाही ठाऊक होतं, त्यांनी हात मागे घेतला. "ऱ्हाऊ दे. झ्याक हाय."

मी चिमटा घेतला आणि तिला उपटली. बांधाचा तुकडा सुटला. पहिल्या वाफ्यात धरली, त्यांनी मान हलवली. दुसऱ्यात, नाही. तिसऱ्यात टेकवली तेव्हा म्हणाले, "व्हय. तितंच." मी तिला पाण्यात दाबून चिकटवली. वॉर्निशला तडा गेला.

मतं मोजली. पहिले खांबचे बँकवाले. ते इतके गोंधळले, की टाळ्यांच्या मध्येच पुढचा विषय सांगायला लागले. त्यांना खाली बसवावं लागलं. मी दुसरी.

मॉडेल पेणला दादांच्या घरी टीव्हीवर आहे. बांधावर जिथून बाई उपटली तिथे तिच्या पावलांएवढे दोन खड्डे पडलेत. मी ते बुजवायला लांबी घेऊन गेले होते. दादांनी हात लावू दिला नाही. कोणी विचारलं तर सांगतात, आत्ताच खाली उतरली.